खुणांची भाषा नोंदवायची कशी, आणि नोंद कुठे बिघडते

मराठीचा अभ्यास करायचा तर सामग्री आयती मिळते: वर्तमानपत्रं, कादंबऱ्या, न्यायालयाचे निकाल, फोनवरचे निरोप. भारतीय सांकेतिक भाषेचं असं काहीही लिहिलेलं कुठे पडलेलं नाही. बधिर माणूस लिहायला बसतो तेव्हा मराठीत, हिंदीत नाहीतर इंग्रजीत लिहितो; खुणांची भाषा रोजच्या वापरात कोणी लिहीत नाही. म्हणून तिचं प्रत्येक वाक्य कॅमेऱ्यासमोर मिळवावं लागतं. मिळालं तरी काम अर्धंच झालेलं असतं. कोणत्या क्षणी कोणती खूण झाली हे कोणीतरी बसून हाताने लिहीत नाही, तोवर त्या व्हिडिओत काही शोधता येत नाही की मोजता येत नाही.

असे व्हिडिओ आणि त्यांच्या नोंदी मिळून भाषेचा संग्रह होतो. तो उभारण्याच्या कामातल्या बऱ्याच चुका चित्रीकरणाच्या दिवशी होतात आणि लक्षात येतात ते वर्ष-दोन वर्षांनी, नोंदी करताना. तेव्हा ती माणसं पुन्हा एकत्र आणणं शक्य नसतं.

कोणाला बसवायचं

२०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख आहे. पण त्यातले किती जण खुणांनी बोलतात, हे त्या आकड्यावरून कळत नाही. उतारवयात ऐकू कमी येऊ लागलेले आजोबाही त्यातच मोजलेले आहेत.

जे खुणांनी बोलतात तेही ती भाषा एकाच वाटेने शिकलेले नसतात. मराठी बोलणारं मूल मराठी बहुधा घरातच शिकतं. बधिर मुलांचं तसं नसतं. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, निदान एक पालक बधिर असलेल्या बधिर मुलांचं प्रमाण ५ टक्क्यांहून कमी निघालं. बाकीच्यांचे आईवडील ऐकू येणारे, सहसा खुणा न जाणणारे. आपल्याकडच्या बधिर शाळांतही अनेक दशकं भर होता तो ओठ वाचण्यावर आणि बोलायला शिकवण्यावर. खुणा मुलं एकमेकांकडून शिकली: मधल्या सुट्टीत, वसतिगृहात, पुढे बधिरांच्या क्लबात. एखाद्याला भाषा तिसऱ्या वर्षी मिळाली, एखाद्याला बाराव्या, एखाद्याला विशीत. याचा व्याकरणावर परिणाम होतो.

म्हणून प्रत्येकाच्या माहितीपत्रात वय, लिंग आणि जिल्हा एवढं भरून भागत नाही. खुणा कितव्या वर्षापासून, कोणाकडून. शाळा कोणती, तिथलं माध्यम कोणतं, वसतिगृहात राहिलात का. घरात आणखी कोणी बधिर आहे का. डावखुरे का उजवे. गेली दहा वर्षं कुठे राहता. यातला शेवटचा प्रश्न हमखास गाळला जातो आणि मग ‘नागपूरची खूण’ म्हणून जी नोंद होते ती प्रत्यक्षात पुण्यात नोकरी करणाऱ्याची असते.

प्रदेशाचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण भारतात शब्द बदलतात आणि व्याकरण बरंचसं तेच राहतं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मदन वशिष्ठ, जेम्स वुडवर्ड या संशोधकांनी आणि सहकाऱ्यांनी दिल्ली, कोलकाता, मुंबई आणि बेंगळुरूतल्या खुणा गोळा केल्या, तेव्हा शब्दसंग्रहात फरक असूनही ही एकाच भाषेची रूपं आहेत असं त्यांनी मांडलं. पुढे भाषाशास्त्रज्ञ उल्रिके झेशान यांनी दिल्ली आणि कराचीची तुलना केली. सरहद्दीपलीकडेही व्याकरण तेच निघालं.

ब्रिटिश सांकेतिक भाषेच्या संग्रहासाठी ८ शहरांतून २४९ बधिर व्यक्तींचं चित्रीकरण झालं; जर्मनीत १२ ठिकाणांहून ३३०. ही संख्या उगाच मोठी ठेवलेली नाही. ब्रिटिश संग्रहात तरुण आणि वृद्ध दोन्ही होते, म्हणूनच रंगांच्या, आकड्यांच्या, देशांच्या प्रादेशिक खुणा तरुणांत कमी होत चालल्याचं दिसू शकलं. आपल्याकडे हे आत्ताच नोंदवायला हवं. नवी दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राच्या शब्दकोशात २०१८ मध्ये ३,००० शब्द होते, २०२१ मध्ये १०,००० झाले. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तर देशभर या भाषेचं प्रमाणीकरण करायचं म्हटलं आहे. शाळेसाठी त्याची गरज समजू शकते. पण साठी ओलांडलेल्या मुंबईकर बधिरांच्या खुणा त्याआधी टिपल्या नाहीत, तर कशाचं प्रमाणीकरण झालं हेही नंतर सांगता येणार नाही. आणि शब्दकोश कितीही मोठा झाला तरी तो संग्रहाची जागा घेत नाही. कोशात एकेक खूण सुटी, सावकाश, पूर्ण करून दाखवलेली असते. गप्पांमध्ये तीच खूण निम्मी होते, दोन हातांची एका हाताने होते, पुढच्या खुणेत मिसळते.

समोर कोण बसलंय

ऐकू येणारा संशोधक खोलीत असला की बधिर माणूस त्याच्या सोयीने बोलू लागतो. खुणा सावकाश होतात, शब्दांची अक्षरं एकेक करून बोटांनी जास्त काढली जातात, आणि शब्दांचा क्रम मराठी-हिंदीसारखा होतो. हा सौजन्याचा भाग आहे, पण त्याने नोंद बिघडते. ओळखायची एक खूणगाठ अशी: भारतीय सांकेतिक भाषेत प्रश्नवाचक खूण साधारणपणे वाक्याच्या शेवटी येते. ‘तू कुठे राहतोस’ हे ‘तू – राहणे – कुठे’ अशा क्रमाने येतं. ‘कुठे’ वारंवार मराठीसारखं क्रियापदाआधी येऊ लागलं, तर समोरचा माणूस कोणासाठी तरी भाषांतर करतो आहे अशी शंका घ्यावी.

उपाय ठरलेला आहे. चित्रीकरण चालवणारी व्यक्ती बधिर असावी, शक्यतो त्याच भागातली. बोलणारे दोघं एकमेकांना ओळखणारे आणि साधारण एका वयाचे असावेत. ऐकू येणाऱ्यांनी कॅमेरे सुरू करून बाहेर जावं.

आणि लिहिलेला शब्द दाखवून ‘याची खूण करा’ म्हणू नये. फलकावर ‘जबाबदारी’ लिहून दाखवलं तर तो शब्द अक्षर-अक्षर बोटांनी येतो, किंवा तेवढ्यापुरती जुळवलेली खूण मिळते. त्याऐवजी शब्द नसलेली चित्रमालिका किंवा मूक कार्टूनचा तुकडा एकाला दाखवायचा आणि त्याने तो दुसऱ्याला सांगायचा. दुसऱ्याने तो आधी पाहिलेला नसावा. दोघांनाही गोष्ट माहीत असेल तर सांगणारा अर्धं गाळतो. सुरुवातीची १५-२० मिनिटं सवय होण्यासाठी सोडून द्यावीत आणि शेवटी निदान अर्धा तास मोकळ्या गप्पांसाठी ठेवावा. सगळ्यात उपयोगी सामग्री त्या अर्ध्या तासात मिळते.

कॅमेरा, दिवे, खुर्ची

इथे थोडं थांबायला हवं, कारण एवढ्याशा गोष्टी सगळं वाया घालवतात.

दोन खुर्च्या समोरासमोर, दीड ते दोन मीटर अंतरावर. खुर्चीला हात नकोत. कोपर आपटतं आणि खुणा आखडतात. फिरती खुर्चीही नको. प्रत्येकासाठी एक कॅमेरा, समोरच्याच्या खांद्याच्या थोडा बाजूने आणि डोळ्यांच्या उंचीवर, आणि तिसरा दोघांना बाजूने टिपणारा. चौकटीत वर डोक्याच्या एक वीत वरपर्यंत, खाली मांडीपर्यंत, आणि दोन्ही बाजूंना हात पूर्ण पसरला तरी मावेल इतकी जागा. बातम्यांच्या कोपऱ्यात दुभाषीला देतात तसली चौकट अभ्यासाला निरुपयोगी. चेहरा इतका मोठा दिसायला हवा की भुवया आणि ओठ वाचता येतील. एका कॅमेऱ्याने हे जमत नसेल तर चेहऱ्यासाठी वेगळा लावावा.

चेहऱ्याचा एवढा आग्रह का? ‘तू जेवलास’ आणि ‘तू जेवलास?’ या दोन वाक्यांत हात तेच असतात. भुवया वर गेल्या, डोळे मोठे झाले, मान किंचित पुढे आली की प्रश्न होतो. चेहरा धूसर असेल तर हे वाक्य कोणतं ते कायमचं अनिश्चित राहतं.

कपडे एकरंगी आणि त्वचेच्या रंगाहून वेगळे. पट्ट्यापट्ट्यांचा सदरा आणि जरीचे काठ टाळावेत. बांगड्या, घड्याळ चमकतात. काढता येत नसतील तर दिवा बाजूला सरकवावा. मागे निळा किंवा राखाडी सपाट पडदा.

आता वेग. सेकंदाला २५ चौकटी, म्हणजे २५ स्थिर चित्रं, घेतल्या तर एक चौकट ४० मिलिसेकंदांची होते. भरभर अक्षरं काढणाऱ्याचं एक अक्षर १०० ते २०० मिलिसेकंदांत संपतं, म्हणजे हाती तीन ते पाच चौकटी, त्यातल्या एक-दोन हलल्यामुळे धूसर. म्हणून ५० चौकटी घ्याव्यात. शटर, म्हणजे प्रत्येक चौकटीसाठी उजेड आत घेण्याचा वेळ, १/१०० सेकंद ठेवावं, आणि त्यालाही कारण आहे: आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. शटर १/१०० असलं की प्रत्येक चौकटीत एक पूर्ण लुकलुक येते आणि उजेड सारखा राहतो. फोनवर ६० चौकटींचं चित्रण आणि त्याला जुळणारं १/६० किंवा १/१२० चं शटर ठेवलं, की अशा दिव्याखाली पडद्यावर पट्टे सरकत राहतात. डोळ्यांना ते फक्त खुपतात. हाताचा माग काढणारा प्रोग्राम मात्र पुरता गोंधळतो.

फोनची दुसरी खोड याहून वाईट. बरेचसे फोन चौकटींचा वेग स्वतःच कमी-जास्त करतात. दोन फोनांवरचं चित्रण सुरुवातीला जुळतं आणि अर्ध्या तासाने काही चौकटींनी सरकलेलं असतं. सगळे व्हिडिओ एकसमान वेगात रूपांतरित करून मगच नोंदी सुरू कराव्यात. उलट क्रमाने केलं तर आधी लिहिलेल्या सगळ्या वेळा चुकतात. सुरुवातीला आणि शेवटी सगळ्या कॅमेऱ्यांना दिसेल अशी एक टाळी वाजवावी. दोन्हीकडे टाळी जुळली तर मधलंही जुळतं.

साठवणुकीचा हिशोब आधीच करावा. सेकंदाला ५० मेगाबिट दराने एका कॅमेऱ्याचं तासाभराचं चित्रण साधारण २२.५ जीबी होतं. तीन कॅमेऱ्यांचं ६७.५. शंभर तासांचं पावणेसात टेराबाइट, आणि प्रती दोन हव्यात, वेगवेगळ्या इमारतींत. फाइलच्या नावात माणसाचं नाव नको, क्रमांक हवा.

खरा खर्च: नोंदी

नोंदींसाठी जगभर बहुतेक ठिकाणी नेदरलँड्समधल्या नाइमेखेन इथल्या माक्स प्लांक संस्थेने तयार केलेलं ‘इलान’ हे मोफत सॉफ्टवेअर वापरतात. वर व्हिडिओ, खाली काळाची पट्टी, आणि तिच्यावर एकाखाली एक ओळी: उजवा हात, डावा हात, भुवया, मान, तोंड, भाषांतर. प्रत्येक ओळीत खूण जिथे सुरू होते तिथपासून संपते तिथपर्यंत एक चौकोन आखायचा आणि त्यात लेबल लिहायचं.

पहिली अडचण इथेच: खूण सुरू कुठे होते? हात मांडीवरून उठतो तेव्हा, की हाताचा आकार पूर्ण होतो तेव्हा? दोन खुणांच्या मधला प्रवास कोणाच्या खात्यात? दोन्ही पद्धती चालतात, पण एका संग्रहात एकच हवी. नाहीतर ‘सरासरी खूण किती वेळ टिकते’ याचं उत्तर नोंद करणाऱ्यानुसार बदलतं.

दुसरी अडचण लेबलांची आहे आणि ती जास्त महाग पडते. एकाच खुणेला एक जण ‘जा’ लिहितो, दुसरा ‘जाणे’, तिसरा संदर्भ पाहून ‘गेला’. यंत्राच्या दृष्टीने या तीन वेगळ्या खुणा. ऑस्ट्रेलियन सांकेतिक भाषेच्या संग्रहात भाषाशास्त्रज्ञ ट्रेव्हर जॉन्स्टन यांनी लावून धरलेला नियम आता सर्वत्र मानतात: एका खुणेला एकच ठरलेलं ओळख-लेबल, अर्थ काहीही असो. ते लेबल भाषांतर नसतं, फक्त नाव असतं. ‘शाळा’साठी दोन खुणा असतील तर शाळा-१ आणि शाळा-२. त्यासाठी आधी खुणांची व्हिडिओसह यादी लागते आणि लेबल टाइप न करता त्या यादीतून निवडायचं. इलानमध्ये अशी बाहेरची यादी जोडता येते. बधिर सहकाऱ्यांना याचा मोठा फायदा होतो, कारण इंग्रजी स्पेलिंग आठवण्याऐवजी खूण पाहून निवड करता येते.

पण यादीत न बसणारंही खूप असतं. गाडी वळणावरून घसरली हे सांगताना हात गाडी होतो आणि हवेत वळतो. ती खूण त्या क्षणी बनते, कोशात कधीच नसते. बोट दाखवणं तर सतत: तेच बोट कधी ‘तो’, कधी ‘तिथे’, कधी मघाशी उल्लेख करताना डावीकडच्या जागेवर ‘ठेवलेली’ बहीण. अशांसाठी वेगळ्या वर्गाची लेबलं आणि लेखी नियम लागतात. ओठांची ओळ आणखी चिवट. खुणेबरोबर ओठ जो शब्द बिनआवाजी उच्चारतात तो सहसा शाळेच्या माध्यमाचा असतो. मराठी माध्यमात शिकलेल्याचे ओठ, मराठी न जाणणारा नोंदकार वाचू शकत नाही.

मग खुणा थेट लिहून का काढत नाहीत? लिप्या आहेत. विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये अमेरिकन खुणांचे घटक चिन्हांनी मांडले, व्हॅलरी सटन यांची साइनरायटिंग १९७४ ची, हाम्बुर्ग विद्यापीठाची हॅमनोसिस १९८० च्या दशकातली. हॅमनोसिसमध्ये हाताचा आकार, तळव्याची दिशा, जागा, हालचाल असं सगळं चिन्हांत बसतं. कोशातल्या एका खुणेसाठी ती उत्तम आहे, पण तासन्‌तासांच्या गप्पा तिच्यात उतरवणं परवडत नाही.

आता वेळ. नुसती हातांची लेबलं लावायची तरी एका मिनिटाच्या व्हिडिओला तासभर धरावा. चेहरा, ओठ, भाषांतर धरलं तर कित्येक तास. १०० माणसांचा एकेक तास म्हणजे ६,००० मिनिटं, म्हणजे ६,००० तासांचं काम. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त हे काम धड होत नाही, डोळे थकतात. वर्षाचे २२० दिवस धरले तर एका माणसाची साडेपाच वर्षं, तीही फक्त पहिल्या थरासाठी. अनुदानाच्या अर्जात कॅमेऱ्यांना मोठी रक्कम आणि नोंदींना ‘विद्यार्थी सहायक, सहा महिने’ असं दिसलं, की तो संग्रह हार्डडिस्कमध्येच राहणार हे समजावं.

तपासणीसाठी निदान दहावा हिस्सा दोघांनी स्वतंत्रपणे नोंदवावा आणि जुळणी मोजावी. न जुळलेल्या जागा पाहिल्या की नियमावलीत काय अस्पष्ट आहे ते कळतं. ही पहिली जुळणी पाच तास नोंदवून झाल्यावर करावी, पन्नास तासांनंतर नव्हे.

यंत्राला शिकवायचा डेटा

दरवर्षी कुठल्यातरी अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या ‘खुणा बोलून दाखवणाऱ्या हातमोज्या’ची बातमी येते. हातमोज्याला भुवया दिसत नाहीत. ‘तू जेवलास?’ मधलं प्रश्नचिन्ह तिथेच हरवतं. ए ते झेडच्या स्थिर छायाचित्रांवर ९९ टक्के अचूकता दाखवणारे प्रकल्पही असेच. बोटांनी काढलेली अक्षरं हा भाषेचा एक कोपरा आहे.

गंभीर काम आहे, पण आकडे लहान आहेत. २०२० मधल्या ‘इन्क्लूड’ या भारतीय संचात २६३ शब्दांचे ४,२८७ व्हिडिओ आहेत, सगळे सुटे शब्द. २०२३ च्या ‘आयएसएल-ट्रान्सलेट’मध्ये इंग्रजीशी जोडलेली ३१,००० हून अधिक वाक्यं आहेत, पण ती मुख्यतः शैक्षणिक व्हिडिओंतली, म्हणजे आधी तयार असलेल्या इंग्रजी मजकुराच्या खुणा. भाषांतर यंत्रांची वर्षानुवर्षं ज्यावर परीक्षा घेतली गेली तो जर्मन संच हवामानाच्या बातम्यांचा आणि त्यात खुणा करणारे फक्त ९ जण. त्यावर शिकलेल्या यंत्राला ढग आणि पाऊस येतात. दवाखान्यात त्याचा उपयोग नाही.

अशा संचाची कसोटी घेताना पहिला प्रश्न विचारावा: शिकवणीतली माणसं आणि परीक्षेतली माणसं वेगळी आहेत का? तेच चेहरे दोन्हीकडे असले तर यंत्र खुणेसोबत माणूस, सदरा आणि पडदाही पाठ करतं आणि गुण फुगतात. दुसरं, हातावरचे बिंदू शोधणारी साधनं एका हातावर २१ बिंदू धरतात, पण हातावर हात आला की ते उड्या मारू लागतात. आपल्या भाषेत इंग्रजी अक्षरं बहुतांशी दोन्ही हात एकमेकांना लावून काढतात. एकहाती अमेरिकन अक्षरांवर चांगलं चालणारं साधन इथे अडखळतं ते यामुळे.

संमती

आवाजाच्या नोंदीत माणूस लपवता येतो. इथे चेहरा झाकला की व्याकरणही झाकलं जातं. शिवाय बधिर समाज लहान: गप्पांत ज्याचा उल्लेख आला, त्याला ओळखणारा कोणीतरी तो व्हिडिओ पाहणारच. ब्रिटिश संग्रहात म्हणूनच सांगितलेल्या गोष्टी सर्वांना खुल्या आहेत आणि गप्पा व मुलाखती फक्त संशोधकांना. डच संग्रह मात्र खुल्या परवान्याखाली सर्वांना दिला गेला. दोन्ही चालतं, पण चित्रीकरणाआधी ठरलेलं हवं.

चार पानी मराठी किंवा इंग्रजी अर्जावर सही घेणं पुरेसं नाही. मजकूर खुणांच्या व्हिडिओत समजावावा, होकारही चित्रित करावा, आणि परवानग्या सुट्या मागाव्यात: संशोधन, वर्गात दाखवणं, इंटरनेटवर ठेवणं, यंत्राला शिकवण्यासाठी देणं. ही शेवटची परवानगी दहा वर्षांपूर्वीच्या अर्जांत नव्हती. ती आता गृहीत धरता येत नाही. चित्रीकरण झाल्यावर, गप्पांत काय काय निघालं ते माहीत असताना, पुन्हा एकदा विचारावं आणि तिसऱ्या माणसाबद्दलचे खासगी तुकडे काढून टाकावेत.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मागे घेण्याची सोय आहे. त्याचा व्यवहारातला अर्थही आधीच सांगायला हवा: आमच्या सर्व्हरवरून व्हिडिओ काढता येतो, पण कोणी उतरवून घेतलेली प्रत किंवा त्यावर आधीच शिकलेलं यंत्र परत आणता येत नाही. म्हणून कोणता क्रमांक कोणाला, कोणत्या तारखेला दिला याची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी. कोणी नको म्हणालं की त्या यादीतल्या प्रत्येकाला तो क्रमांक पुसायला कळवता येतं.